ख्रिस्तमंदिरातील निरूपण आणि नवागताचे स्वागत

आपल्या भागातल्या मनुष्याला कथा म्हणजे काय, कीर्तन म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून त्याने ते ऐकलेले असते. पण तोच मनुष्य नागपुरात किंवा वर्ध्यात रविवारी सकाळी एखाद्या चर्चवरून जाऊ लागला, आतून पेटीचे सूर आणि गाणे ऐकू आले, मग गाणे थांबून एकाच माणसाचा आवाज वीस-पंचवीस मिनिटे येत राहिला, तर तो आवाज काय सांगत असेल, याची कल्पना त्याला बहुधा नसते. आणि कुतूहलाने आत पाऊल टाकावे, तर आपल्याला कोणी काय म्हणेल, ही शंका त्याचा पाय धरून ठेवते.

या साध्या अनुभवातून दोन प्रश्न निघतात. चर्चमध्ये जे प्रवचन चालते त्याचे स्वरूप काय, हा पहिला. परका मनुष्य तेथे गेला तर त्याचे स्वागत कसे होते, आणि कसे व्हावयास हवे, हा दुसरा. वरवर पाहता हे दोन निरनिराळे विषय वाटतात. परंतु वस्तुतः ते एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि मराठी भाषेच्या इतिहासात तर पहिल्याचा जन्मच दुसऱ्यातून झालेला आहे. तो कसा, ते आज पाहू.

प्रथम उपासनेचा क्रम ध्यानी घ्यावा. संप्रदायपरत्वे त्यात फरक असला, तरी सांगाडा साधारण सारखाच असतो. गीत होते, प्रार्थना होते, शास्त्रपाठ होतात, त्यांवर प्रवचन होते, पुढे दानार्पण आणि शेवटी आशीर्वाद. काही रविवारी याच क्रमात प्रभुभोजनाचा विधी असतो. कॅथलिक मंडळींच्या मिस्सात तो नेहमीच असतो. शास्त्रपाठ म्हणजे बायबलातील उतारे. एक जुन्या करारातला, एक प्रेषितांच्या पत्रांतला, एक शुभवर्तमानातला, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी असते. कोणत्या रविवारी कोणता उतारा वाचावयाचा हे बहुतेक जुन्या संप्रदायांत आधीच ठरलेले असते. कॅथलिक चर्चमध्ये 1969 पासून तीन वर्षांचे चक्र चालू आहे. या व्यवस्थेचा एक लाभ असा की, प्रवचनकाराला आपल्या आवडीचेच वचन पुन्हा पुन्हा घोळता येत नाही. जे वचन त्याला स्वतःला बोचते, तेही त्याला मंडळीपुढे उलगडावे लागते.

वाचून उलगडून सांगण्याची ही रीत ख्रिस्ती धर्माहूनही जुनी आहे. नहेम्याच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले यहूदी लोक यरुशलेमेच्या एका वेशीपुढच्या चौकात जमले. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचू लागला, आणि लेवी लोक त्याचा अर्थ समुदायाला समजावून देऊ लागले. वाचन आणि अर्थ असे दोन्ही पाय तेथेच दिसतात. पुढे गावोगावच्या सभास्थानांत हीच वहिवाट पडली.

येशूचे पहिले प्रवचन म्हणून लूकने जे नोंदविले आहे तेही असेच. नासरेथ या आपल्या गावी तो शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला. यशया संदेष्ट्याची गुंडाळी त्याच्या हाती दिली गेली. त्याने उभे राहून उतारा वाचला, गुंडाळी परत दिली आणि खाली बसून निरूपण आरंभिले. उभे राहून वाचावे आणि बसून शिकवावे ही त्या काळची चाल होती. गावकऱ्यांना आरंभी मोठे कौतुक वाटले. आपल्या आळीतला मुलगा किती गोड बोलतो! पण पुढे त्याने दोन जुन्या गोष्टींची आठवण दिली. दुष्काळात एलिया संदेष्टा स्वजातीच्या विधवेकडे गेला नाही, सीदोन प्रांतातील सारफथच्या एका परक्या विधवेकडे गेला. अलीशाच्या काळी कुष्ठरोगी स्वदेशातही पुष्कळ होते, पण बरा झाला तो अरामी नामान. एवढे ऐकताच कौतुकाचा संताप झाला, आणि त्याच लोकांनी त्याला कड्यावरून ढकलून देण्यासाठी गावाबाहेर नेले.

हा प्रसंग आपल्या विषयाची गुरुकिल्ली आहे. मूळ वचन वाचले तोवर कोणाची तक्रार नव्हती. त्या वचनाचा अर्थ परक्या माणसापर्यंत पोहोचतो असे दिसले, तेव्हा तक्रार सुरू झाली. प्रवचन आणि परक्याचे स्वागत यांची गाठ ही अशी पहिल्या दिवसापासूनच पडलेली आहे.

प्रवचनाची बांधणी कशी असते ते आपल्या परिचयाच्या कीर्तनाशी तुलना करून चटकन समजेल. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक मूळ पद घेतात, त्याचे निरूपण करतात, आणि उत्तररंगात आख्यान लावून तोच सिद्धांत डोळ्यांपुढे उभा करतात. ख्रिस्ती प्रवचनात मूळ पदाच्या जागी बायबलातील वचन असते. चांगला प्रवचनकार तीन पायऱ्या चढतो. पहिली पायरी, हे वचन कोणी, कोणाला, कोणत्या परिस्थितीत सांगितले. दुसरी, त्यातील मर्म काय, जे त्या काळाबरोबर संपत नाही. तिसरी, आज आपण काय करावे. पहिली पायरी गाळली तर वचनाच्या तोंडी वाटेल ते घालता येते. तिसरी गाळली तर प्रवचन शाळेतला इतिहासाचा तास होते. आणि दुसरी गाळली तर उरतो तो केवळ विधिनिषेधांचा पाढा.

चांगल्या शोमरोन्याची कथा हे याचे उत्तम उदाहरण आहे. वाटेत लुटलेला, अर्धमेला मनुष्य पडला आहे. याजक बाजूने निघून जातो, लेवी निघून जातो, आणि शोमरोनी त्याच्या जखमा बांधतो. पहिली पायरी न चढणाऱ्याला यात एक दयाळू वाटसरू तेवढा दिसेल. परंतु यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत हे कळले, की कथेचे टोक लागते. ज्याला आपण दूर ठेविले तोच आपला शेजारी ठरला! मग महाराष्ट्रातल्या श्रोत्याला तिसरी पायरी वेगळी दाखवावी लागत नाही. ती त्याची त्यालाच दिसते.

आता मराठीकडे वळू. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यात आला आणि पुढील आयुष्य त्याने बहुतांशी साष्टीत घालविले. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राचोल येथे छापले गेले. मराठी टाइप हाताशी नव्हते म्हणून अक्षरे रोमन. पण भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार. हा ग्रंथ का लिहिला गेला, ते ग्रंथातच सांगितले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक ब्राह्मण पाद्री-गुरूला विनवितो, की आमची जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही पुराण का देत नाही? त्याला उत्तर म्हणून सारी कथा उभी राहते, आणि पुढेही श्रोते मधून मधून शंका विचारतात व गुरू त्यांचे समाधान करतो.

हे लक्षात घेण्याजोगे आहे. नवागताने प्रश्न विचारला आणि प्रवचनकाराने आपली भाषा बदलली. श्रोत्याला लॅटिन शिकविण्याऐवजी पाद्री स्वतः ओवी शिकला. स्वागत म्हणजे काय याची याहून चांगली व्याख्या मला तरी सुचत नाही. अर्थात त्या काळच्या गोव्यात धर्मांतराच्या पाठीशी पोर्तुगीज राजसत्तेचा दंडही उभा होता. देवळे पाडली गेली होती आणि जुन्या ग्रंथांवर बंदी आली होती. ब्राह्मणाच्या त्या प्रश्नामागे ते दुःखही आहे. ते विसरून केवळ ग्रंथाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

भाषेचा हा प्रश्न पुढेही वारंवार आला. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला नवा करार 1811 मध्ये मोडी लिपीत छापला गेला, कारण व्यवहारातल्या माणसाची लिपी ती होती. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात आयुष्याची अखेरची वर्षे बायबलाच्या नव्या भाषांतरात वेचिली. इब्री व ग्रीक या मूळ भाषा अभ्यासून त्यांनी ते केले, आणि नजरेपुढे ठेविल्या त्या अल्पशिक्षित खेडवळ स्त्रिया. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या, त्याच्या थोडेच आधी हे काम पुरे झाले होते. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1962 ते 1965 नंतर, लॅटिन बाजूला ठेवून लोकभाषेत मिस्सा सुरू केला.

यामागचे तत्त्व पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. त्या मंडळीत कित्येकजण भावावेशात न समजणाऱ्या भाषा बोलत. पौल त्यांना विचारतो, एखादा बाहेरचा मनुष्य आत आला आणि तुम्ही सारेच असे बोलताना त्याने पाहिले, तर तुम्हाला वेड लागले आहे असे तो म्हणणार नाही काय? म्हणजे उपासनेची भाषा कशी असावी, हे ठरविण्यासाठी पौलाने माप म्हणून धरला तो नुकताच दारातून आत आलेला मनुष्य. जुने सभासद नव्हेत!

आपल्या विदर्भातही या इतिहासाच्या खुणा आहेत. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले. त्यांनी शाळा काढली, मराठी शिकली, भूगर्भाचा अभ्यास केला, गोंड लोकांच्या भाषा व कथा टिपून ठेविल्या. 1863 च्या सप्टेंबरात ते टाकळघाट येथे गेले होते. तेथील शाळा तपासून रात्री घोड्यावरून बोरीकडे परतताना पुराच्या ओढ्यात ते बुडाले. ज्या नागपूर-वर्धा वाटेवर आपले केळझर आहे, त्याच बाजूला ही घटना घडली. 1883 मध्ये स्थापन झालेले नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाने उभे आहे. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा निरनिराळ्या संप्रदायांची मंडळी नागपुरातच एकत्र आली आणि उत्तर भारतीय चर्च म्हणजे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्माला आले. त्या दिवसापासून कालचे परके एकाच घरातले झाले. एकमेकांच्या रीतीभाती समजून घेण्याची पाळी सर्वांवरच आली.

नवागत कसा येतो, हे पाहावयाचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची हकीकत सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. 1893 साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. दोघांचे काव्य-धर्मावर बोलणे झाले, आणि त्या गृहस्थांनी निरोप घेताना नव्या कराराची प्रत हाती दिली. टिळकांना पुस्तकाने विशेष पकडले ते डोंगरावरील प्रवचनापाशी. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मनुष्याला वचनापर्यंत नेणारा पहिला दुवा येथे एका सहप्रवाशाचे सौजन्य हा होता. त्याने वाद घातला असता तर पुस्तक बहुधा डब्यातच राहिले असते.

याहून बोलका दाखला लक्ष्मीबाईंचा. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढे त्या टिळकांकडे राहावयास आल्या तरी सोवळेओवळे त्यांनी काही काळ सांभाळलेच. टिळकांनी बळजबरी केली नाही. भेदाभेदांचा विचार त्यांच्या मनात त्यांच्याच गतीने पिकला, आणि 1900 साली त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. हा सारा प्रवास ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी इतक्या खेळकरपणे सांगितला आहे, की कोणत्याही धर्माच्या वाचकाला तो आपल्या घरचा वाटतो. टिळकांनी पुढे उपासनेत भजन व कीर्तन आणले. मिशनची नोकरी सोडून 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्याचे दार बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही मोकळे होते. आत येणाऱ्याला प्रथम दाखला मागू नये, हा त्यातला आशय.

आतिथ्याचा हा विचार केळझरला परका नाही. आपले गाव म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी अशी परंपरा आहे. टेकडीवरचा गणपती, जो विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जातो, त्याचे नातेही याच कथेशी जोडले जाते. लाक्षागृहातून निसटलेले पांडव एकचक्रेत एका ब्राह्मणाच्या घरी उतरले. ते कोण, कोठले, हे यजमानाला ठाऊक नव्हते. बकासुराची पाळी त्या घरावर आली तेव्हा कुंतीने आपला भीम पुढे केला. यजमानाने आसरा दिला होता तो कोणाला, हे त्याला नंतर कळले. बायबलात मम्रेच्या एलोन झाडांखाली बसलेला अब्राहाम तीन अनोळखी वाटसरूंना पाहून धावत जातो, पाय धुण्यास पाणी देतो, भाकरी भाजवितो. आणि मग कळते, की ते देवाचे दूत होते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात याचीच आठवण देऊन आतिथ्य विसरू नका असे बजाविले आहे. लेवीय ग्रंथात तर कारणही सांगितले आहे. परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्हीही परकेच होता.

परंतु वचन असणे निराळे आणि आचरण निराळे. याकोबाच्या पत्रात एक चित्र आहे. सभेत दोघे येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, अंगावर झगझगीत वस्त्रे. दुसऱ्याची वस्त्रे मळकी. पहिल्याला मानाची जागा मिळते आणि दुसऱ्याला तेथे उभा राहा किंवा पायांपाशी बस, असे सांगण्यात येते. याकोब याला सरळ पक्षपात म्हणतो आणि असे करणाऱ्याला नियमभंगाचा दोषी ठरवितो. हे पत्र मराठी मुलखात वाचताना कोणाला ओशाळे वाटले नाही, तर ते नीट वाचले गेले नाही असे समजावे. जातीची उतरंड चर्चच्या उंबरठ्याबाहेर राहिली, असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी लिहिताना याच दुखऱ्या जागेवर बोट ठेविले होते. बाप्तिस्मा झाला, पण सोयरिकीत जात उरली, तर स्वागत दारापर्यंतच झाले म्हणावयाचे.

दुसरा दोष याच्या नेमका उलट आहे. तो म्हणजे स्वागतातच हेतू दडविणे. आपला वर्धा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात असताना त्या सरकारने 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी समिती नेमली. 1956 च्या तिच्या अहवालात शाळा व दवाखाने यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो असा ठपका होता. ख्रिस्ती समाजाने तो अन्याय्य म्हणून नाकारला, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. त्याचा निवाडा आज येथे करावयाचा नाही. पण मदतीच्या मोबदल्यात श्रद्धा मागू नये, हे गांधीजींनी परखडपणे सांगितले होते, आणि ख्रिस्ती शास्त्राच्या दृष्टीनेही ते खरे आहे. शोमरोन्याने जखमीला त्याचा धर्म विचारला नाही, आणि बरा झाल्यावर बदल असेही म्हटले नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांना वाहून घेतलेले जे. सी. कुमारप्पा हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. येशूच्या शिकवणीवर त्यांनी पुस्तकही लिहिले; पण त्यांचे खरे प्रवचन म्हणजे तेलघाणी, हातकागद आणि गावकऱ्यांची मजुरी. संविधानाच्या 25 व्या कलमाने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे. ते सांगणाऱ्याला आहे तसे ऐकणाऱ्यालाही आहे, आणि ऐकून नमस्कार करून घरी जाणाऱ्यालाही.

आता व्यवहाराचे चार शब्द. चर्चमध्ये नव्याने जाणाऱ्याला अडचणी येतात त्या तत्त्वज्ञानाच्या नव्हेत. चपला बाहेर काढावयाच्या की नाही, कोठे बसावे, सारे उभे राहिले तर आपण राहावे काय, गीताचे पुस्तक कोठे मिळेल, दानाची थैली पुढे आली तर काय करावे, अशा त्या असतात. समंजस मंडळी दाराशी एक बोलका मनुष्य ठेविते. तो नाव विचारतो, जात विचारत नाही. पुस्तक देतो, पान काढून देतो, आणि शेजारी बसतो. दानाची सक्ती नाही, हे तो हळूच सांगतो. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस मात्र बहुतेक संप्रदायांत दीक्षितांसाठीच असतो. हेही आधी मोकळेपणाने सांगावे. ऐनवेळी हात अडविण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. उलट नवागताला पहिल्याच दिवशी उभे करून त्याची ओळख साऱ्यांना करून देणे, ही आपुलकी असली तरी लाजाळू माणसाला ती शिक्षा वाटते.

प्रवचनकाराचेही कर्तव्य आहे. करार, कृपा, पापक्षमा, पुनरुत्थान हे शब्द जुन्या सभासदांना सवयीचे असतात. नव्याला ते नुसते आवाज. प्रत्येक शब्दापाशी क्षणभर थांबून त्याचा रोजच्या बोलीतला अर्थ दिला, तर जुन्यांनाही लाभच होतो, कारण सवयीच्या शब्दांचा अर्थ पुष्कळदा त्यांच्याही हातून निसटलेला असतो. त्याचप्रमाणे दुसऱ्याच्या दैवताची निंदा करून आपले वचन उजळत नाही. समोर कोणी परका बसला आहे असे धरून जो बोलतो, त्याच्या जिभेला आपोआप संयम येतो.

तात्पर्य, प्रवचन चांगले झाले की नाही हे वक्तृत्वावर ठरत नाही. ज्याने ते वचन पूर्वी कधी ऐकले नव्हते त्याला ते समजले काय, आणि ज्यांनी ते शंभरदा ऐकले होते त्यांनी सरकून त्याला बाकावर जागा दिली काय, या दोन गोष्टींवर ते ठरते. ही कसोटी केवळ ख्रिस्ती मंडळींची नव्हे. आपल्या कीर्तनाच्या मंडपाला, विहाराला, मशिदीच्या ओट्याला आणि आपल्या या व्याख्यानमालेच्या सतरंजीलाही ती तितकीच लागू आहे.